यादीचे स्थलांतर

१

संग्रह एका जागेहून दुसऱ्या जागी हलवला जातो तेव्हा त्यातील नेमके काय हलते आणि काय मागे राहते, हा प्रश्न ग्रंथसंग्रहाच्या बाबतीत सहसा पडत नाही. पुस्तके खोक्यांत भरली जातात, त्यांना वजन असते, ती भिजतात, गहाळ होतात. परंतु नव्या घरी पोचलेले पुस्तक हे जुन्या घरून निघालेलेच पुस्तक आहे, ह्याविषयी शंकेला जागा नसते. वाल्टर बेन्यामिनने आपल्या ग्रंथसंग्रहाची खोकी उघडण्याच्या निमित्ताने १९३१ साली जो निबंध लिहिला, त्याचा सारा आधार वस्तूच्या ह्या अनन्यतेवर आहे. कोणती प्रत कोठे आणि कशी हाती आली ह्याची स्मृती त्या प्रतीलाच चिकटलेली असते, आणि म्हणून संग्राहकाचे आत्मचरित्र त्याच्या कपाटात वाचता येते. संगीताच्या बाबतीतही तबकडी आणि कॅसेट ह्यांच्या काळापर्यंत हे खरे होते.

स्ट्रीमिंग सेवेच्या वर्गणीदाराजवळ असा संग्रह नसतो. त्याच्याजवळ यादी असते. सुमारे सहा वर्षे एका सेवेवर ऐकल्यानंतर मी नुकतीच दुसऱ्या सेवेकडे वळले. त्याची कारणे व्यावहारिक होती आणि त्यांत वाचकांना रस वाटावा असे काही नाही. ह्या स्थलांतराच्या ओघात मात्र कृतीची ओळख, कर्त्याचे नाव आणि पाठाची विश्वसनीयता हे साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेले प्रश्न अनपेक्षित ठिकाणी पुन्हा समोर आले. त्यांची मांडणी करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

माझ्या यादीत दोनशेहून थोड्या अधिक नोंदी होत्या. निम्म्या ख्यालगायनाच्या, उरलेल्यांत नाट्यपदे, भावगीते आणि संतांच्या अभंगांची निरनिराळ्या गायकांनी केलेली गायने. हा शेवटचा गट एम. ए. च्या वर्गात मध्ययुगीन कविता शिकवताना हाताशी असावा म्हणून जमवलेला होता. एकच अभंग तीन गळ्यांतून ऐकला की विराम कोठे घेतला, ध्रुपद म्हणून कोणता चरण धरला, कोणता शब्द आळवला आणि कोणता ओलांडला, ह्यांतून अर्थनिर्णयनाचे असे प्रश्न उभे राहतात, जे छापील गाथा समोर असताना विद्यार्थ्यांना सुचत नाहीत.

अशा यादीचे पूर्वरूप मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. कीर्तनकारांच्या आणि मठांतल्या बाडांत निरनिराळ्या कवींची पदे, आरत्या, अभंग एका विशिष्ट व्यक्तीच्या गरजेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे एकत्र आलेले असतात. गवयाची चिजांची वही हाही ह्याच जातीचा संग्रह. परंतु बाडात निदान शब्द असतात. चिजांच्या वहीत सूर नसला, तरी ती वही उघडणाऱ्याच्या गळ्यात तो असतो. स्ट्रीमिंग सेवेवरील यादीत शब्द नाहीत आणि सूरही नाहीत. आहेत ते केवळ निर्देश. निर्देश ज्या सूचीकडे बोट दाखवतो ती सूची परक्याच्या मालकीची असते. यादी हलवायची म्हणजे ही सारी बोटे एका सूचीकडून दुसऱ्या सूचीकडे वळवायची.

२

ही क्रिया पुढीलप्रमाणे घडते. दोन सेवांच्या मध्ये उभी राहणारी एक तिसरी प्रणाली जुनी यादी वाचते. प्रत्येक नोंदीतील गीताचे नाव, कलावंताचे नाव, अल्बमचे नाव, कालावधी, आणि मिळाल्यास ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक ती उचलते आणि नव्या सेवेच्या सूचीत ह्यांच्याशी जुळणारी नोंद शोधते. आयएसआरसी ह्या नावाने ओळखला जाणारा हा बारा अक्षरांकांचा संकेतांक १९८६ साली प्रमाणित झाला. त्यातील वर्षदर्शक अंकांवरून संकेतांक कधी दिला गेला ते कळते. गायन कधी झाले ते कळत नाही. शिवाय भारतात ध्वनिमुद्रणावरचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे जुन्या तबकड्या आज अनेक कंपन्या आपापल्या नावाने वितरित करतात, आणि एकाच गायनाच्या निरनिराळ्या संकेतांकांच्या नोंदी शेजारीशेजारी नांदताना दिसतात. संकेतांक ही ओळखीची हमी आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

काही मिनिटांत निकाल हाती येतो. बहुतेक नोंदी सापडल्याचे सांगितले जाते. न सापडलेल्यांची वेगळी यादी मिळते. ह्या दोन्ही वर्गांविषयी तक्रार नाही. जे सापडले नाही ते निदान सापडले नाही म्हणून कळते. प्रश्न तिसऱ्या वर्गाचा आहे: जे सापडले म्हणून सांगितले गेले, परंतु जे वस्तुतः दुसरेच काही आहे. ह्या वर्गाची यादी कोणी देत नाही. ती ऐकूनच करावी लागते. ही यादी वर्गात नेण्याआधी मी तीन-चार आठवडे ती सलग ऐकत गेले, आणि तिसऱ्या वर्गातील नोंदी वेगळ्या काढत गेले.

एका ग्वाल्हेर घराण्याच्या गवयाचा मैफलीतील यमन होता. त्या जागी त्याच गवयाचा, त्याच रागाचा, परंतु वेगळ्या चिजेचा आणि वेगळ्या काळचा स्टुडिओतील यमन आला होता. गायकाचे नाव जुळले, रागाचे नाव जुळले. प्रणालीच्या दृष्टीने प्रश्न मिटला. एका अभंगाच्या जागी तोच अभंग त्याच आवाजात होता, पण खाली नंतर चढवलेला वाद्यमेळ होता, आणि त्याच्या सोयीसाठी दोन अंतऱ्यांमधली गायकाने घेतलेली विश्रांती कापलेली होती. वर्गात ज्या विश्रांतीविषयी मी बोलणार होते, ती नव्या यादीत अस्तित्वातच नव्हती. एका जुन्या नाट्यपदाच्या जागी त्याच पदाचे अलीकडील एका लोकप्रिय गायकाचे गायन होते.

लिपीमुळे आणखी गोंधळ होतो. ह्या सेवांच्या सूचींत आपले संगीत बहुधा रोमन लिपीत नोंदलेले असते. एकाच गायकाच्या नावामागे 'पंडित', 'पं.' किंवा काहीच नसणे, एवढ्यावरून त्याची दोन-तीन पृष्ठे होतात. रागनामांच्या वर्णयोजनेला धरबंध नाही. एका ठिकाणी 'राग' हा शब्दच गीताच्या नावाचा भाग होतो, तर दुसऱ्या ठिकाणी तो गाळला जातो. मोडीतून बाळबोधीत उतरताना ऱ्हस्वदीर्घाचा भेद कसा मालवतो हे ज्यांनी जुन्या कागदपत्रांवर काम केले आहे त्यांना ठाऊक असते. येथे तीच गोष्ट कोट्यवधी नोंदींच्या सूचीत घडते आहे.

पाठचिकित्सेची शिस्त ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना ह्या प्रमादांत एक नियमितता दिसेल. नकलाकाराच्या हातून होणाऱ्या चुकांचे वर्गीकरण आपण शिकवतो: दृष्टी एका ओळीवरून दुसरीवर घसरणे, अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द येणे, समासातील टीप संहितेत शिरणे. ह्यांतील दुसरा प्रकार येथे प्रबळ आहे. दोन पाठांपैकी कठीण पाठ मूळचा असण्याची शक्यता अधिक, कारण नकलाकार कठिणाचे सोपे करतो, सोप्याचे कठीण क्वचितच करतो, हे पाठचिकित्सेतील जुने सूत्र आहे. जुळणी करणाऱ्या प्रणालीचा व्यवहार ह्या सूत्राच्या नेमका उलट दिसतो. दोन सारख्या नावांच्या नोंदींतून माझ्या यादीत सहसा अधिक ऐकली जाणारी नोंद आली होती. दुर्मीळाच्या जागी सुलभ बसते, आणि बसल्याची खूण राहत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. त्या आवृत्तीत स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठ नोंदलेले असतात, म्हणून वाचकाला संपादकाशी वाद घालता येतो. माझ्या नव्या यादीखाली अशी तळटीप नाही.

३

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. मौखिक परंपरेत वाढलेल्या संगीताच्या बाबतीत 'तेच गायन' हवे असा आग्रह धरणे हा मुद्रणयुगाचा हट्ट नव्हे काय? अभंग दिंडीगणिक बदलतो. एकाच गवयाचा यमन दोन संध्याकाळी सारखा नसतो. किंबहुना तो सारखा नसावा अशीच आपली अपेक्षा असते. मग एका यमनाच्या जागी दुसरा आला तर बिघडले कोठे?

नेल्सन गुडमनने १९६८ साली कलांचे जे द्विविध वर्गीकरण केले त्याचा येथे उपयोग होतो. काही कलांत मूळ आणि नक्कल हा भेद अर्थपूर्ण असतो. चित्र हे त्याचे उदाहरण. काही कलांत तो तसा नसतो. कवितेची अक्षरे बिनचूक उतरली की प्रत्येक प्रत ही ती कविताच असते. आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वरलिपीचे यथार्थ पालन करणारा प्रत्येक प्रयोग हा त्या रचनेचाच प्रयोग असतो. ख्याल ह्या चौकटीत बसत नाही. चीज ही रचना आहे हे खरे. भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'त शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून ठेवल्या. परंतु चार ओळींची चीज म्हणजे पाऊण तासाचा ख्याल नव्हे. उरलेला सारा विस्तार त्या वेळी, त्या श्रोत्यांसमोर घडतो आणि तेथेच संपतो. तो मुद्रित झाला की त्याला स्वरलिपीचा आधार नसलेली, चित्रासारखी अनन्यता प्राप्त होते. रागाचे नाव सांगून त्याचा निर्देश होत नाही. 'सूर्यास्ताचे चित्र' असे म्हणून एखाद्या चित्राचा निर्देश होत नाही, तसेच हे आहे.

'गीतरामायण' हे अधिक बोलके उदाहरण म्हणावे लागेल, कारण तेथे शब्द निश्चित आहेत, चाली निश्चित आहेत, आणि तरीही कृती एक राहत नाही. ग. दि. माडगूळकरांची ही छप्पन्न गीते सुधीर फडके ह्यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ ह्या वर्षात प्रसारित झाली, तेव्हा ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी अनेक गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे तबकड्यांवर आले आणि घरोघरी पोचले ते फडके ह्यांच्या एकट्याच्या आवाजातील 'गीतरामायण'. पहिले रूप बहुस्वरी आहे. सीता, कौसल्या, राम हे आपापल्या आवाजात बोलतात, आणि रचना श्रुतिकेच्या जवळ जाते. दुसऱ्या रूपात एकच कथेकरी सर्व भूमिका आपल्या गळ्यात घेतो, आणि रचना कीर्तनपरंपरेत जाऊन बसते. कथनमीमांसेच्या दृष्टीने ह्या दोन भिन्न संहिता आहेत. सूचीत मात्र 'गीतरामायण' हे नाव दोन्हींना सारखेच पुरते.

आक्षेपाचे उत्तर मात्र एवढ्याने पुरे होत नाही. मौखिक परंपरेत बदल होतो हे मान्यच आहे. तेथे बदल करणारा कोणीतरी असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. शिष्य गुरूची जागा बदलतो तेव्हा आपण काय बदलले हे त्याला ठाऊक असते, आणि मैफलीतील जाणकारही ते ओळखतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात पुढे कोणी भर घालू नये असे बजावले; त्यांच्या निवडीशी आज कोणाला मतभेद नोंदवता येतो, तो निवड करणारा ज्ञात आहे म्हणूनच. माझ्या यादीतील यमन बदलला तेव्हा तो कोणीही बदलला नाही. निर्णय झाला, पण निर्णेता नाही. परंपरा बदल पचवू शकते. ज्याचे उत्तरदायित्व कोणाकडेच नाही असा बदल तिला बदल म्हणून ओळखताही येत नाही.

४

ओळखीचा प्रश्न शेवटी नावापाशी येऊन ठेपतो. जेरार जनेतने १९८७ साली संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांचा, म्हणजे शीर्षक, कर्त्याचे नाव, प्रस्तावना, अर्पणपत्रिका इत्यादींचा, सविस्तर विचार केला. ह्या घटकांवाचून संहिता वाचकापर्यंत पोचत नाही, आणि तरी ते संहितेचा भाग आहेत की नाहीत हे निश्चित सांगता येत नाही. मुद्रित ध्वनीच्या बाबतीत हा उंबरठा फार लवकर कळीचा ठरला. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहरजान ह्यांचे गायन मुद्रित केले. तीन मिनिटांच्या त्या मुद्रणांच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारतात. तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापायचे ते कळावे म्हणून ही उद्घोषणा, असा तिचा उलगडा सांगितला जातो. कारण काहीही असो, परिणाम असा की एकशेवीसहून अधिक वर्षांनंतर, कितीही सूचींतून आणि कितीही चुकीच्या नावांखाली ते मुद्रण फिरले, तरी गायिकेचे नाव त्यातून वेगळे काढता येत नाही. ते ध्वनीतच आहे.

मराठी कवितेच्या अभ्यासकाला येथे नाममुद्रा आठवल्यावाचून राहणार नाही. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो. चिजांतही हीच रीत आहे: मुहंमदशहा रंगीलेच्या दरबारातील न्यामतखाँ 'सदारंग' म्हणून, फैयाजखाँ 'प्रेमपिया' म्हणून आणि जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' म्हणून आपल्या चिजांत वावरतात. नाममुद्रा हा कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. नामदेवांच्या नावावर पुढल्या नाम्यांच्या रचना चढल्या आणि तुकोबांच्या गाथेतील प्रक्षेपांचा वाद अजून मिटलेला नाही. तरीही ज्या संस्कृतीत ग्रंथाला मुखपृष्ठ नव्हते तिने नाव बाहेर न ठेवता आत ठेवले, ह्यात एक व्यवहारज्ञान होते. बाहेरचे गळून पडते, हे तिला माहीत होते.

आधुनिक भावगीताला ही सोय नाही. भावगीताचा कवी आपले नाव गीतात घालत नाही. त्याची जबाबदारी त्याने छापील पानावर आणि आकाशवाणीच्या निवेदकावर सोपवली. गीतापूर्वी किंवा गीतानंतर गायक, कवी आणि संगीतकार अशी तीन नावे सांगण्याचा आकाशवाणीचा प्रघात हा ज्यांनी कधी कवितासंग्रह विकत घेतला नाही अशा लाखो श्रोत्यांच्या वाङ्मयीन शिक्षणाचा भाग होता. स्ट्रीमिंग सेवेच्या पडद्यावर गीताखाली एक नाव असते आणि ते बहुधा गायकाचे असते; चित्रपटगीत असेल तर कधी संगीतकाराचे. कवीचे नाव असलेच तर दोन-तीन पायऱ्या आत, श्रेयनामावलीत. माझ्या यादीतील अभंगांच्या श्रेयनामावलीत कवीच्या जागी अनेकदा 'पारंपरिक' असा शब्द होता, आणि तोच अभंग संपताना गायक कवीचे नाव स्पष्ट शब्दांत गात होता. सूचीकाराने गाणे शेवटपर्यंत ऐकले असते तर त्या जागी नाव आले असते.

गमतीची गोष्ट अशी, की ही उपेक्षा व्यापारी सूचींपुरती मर्यादित नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर केसरबाई केरकर ह्यांचे साडेतीन मिनिटांचे गायन आहे. तिच्या प्रसिद्ध यादीत देशाचे नाव आहे, चिजेचा मुखडा आहे, गायिकेचे नाव 'सूरश्री' ह्या उपाधीसह आहे, आणि 'राग' एवढा शब्द आहे. कोणता राग, ते नाही. तो भैरवी आहे हे सांगायला भारतीय श्रोता लागतो.

५

स्थलांतरात आणखी एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे सेवेला झालेली श्रोत्याची ओळख. सहा वर्षे काय ऐकले, काय अर्धवट सोडले, कोणत्या वेळी कोणता राग लावला, ह्या साऱ्याच्या नोंदीवरून जुनी सेवा मला पुढे काय ऐकायला आवडेल ते सुचवत असे, आणि पुष्कळदा तिची सूचना बरोबर ठरे. नव्या सेवेला मी अपरिचित. तिने माझी भाषा विचारली, आणि पहिल्या आठवड्यात लावण्या, गणपतीच्या आरत्या, कोळीगीते आणि विवाहगीते पुढे केली. ह्या प्रकारांविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु 'मराठी' ह्या एका शब्दावरून कल्पिलेला तो श्रोता मी नव्हते. वोल्फगांग इझरने ज्याला अभिप्रेत वाचक म्हटले तो संहितेच्या रचनेतून सिद्ध होतो. हा अभिप्रेत श्रोता बाजारपेठेच्या सरासरीतून सिद्ध झालेला असतो. दोन महिन्यांनी सूचना सुधारल्या. ती मधली अवस्था मला मात्र आवडू लागली होती, हेही नमूद केले पाहिजे. जुन्या सेवेने मला इतके ओळखले होते की तिच्याकडून मला मीच परत मिळत होते. अनोळखी सेवेच्या चुकीच्या सूचनांत दोन-तीन शाहिरी ध्वनिमुद्रणे अशी निघाली, की ती जुन्या सेवेने मला कधीच ऐकू दिली नसती.

सेवांचे अर्थशास्त्र हा ह्या लेखाचा विषय नाही. एका तपशिलाचा उल्लेख पुरे. स्पॉटिफायवर एखादे गीत तीस सेकंद ऐकले गेले की ते एकदा ऐकले गेले असे मोजतात, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या मुद्रणाला मानधनाच्या वाट्यात जागा नाही. विलंबित ख्यालात तीस सेकंदांत तंबोरे जुळून षड्ज लागतो. ह्या मापात सबंध ख्याल आणि त्याचा पहिला षड्ज ह्यांची किंमत सारखी आहे. तीन मिनिटांच्या तबकडीने ख्यालाला आखडते घ्यायला लावले, त्यातून काही अपूर्व मुद्रिका निर्माण झाल्या. परंतु तेथे मर्यादा निदान कलावंताला दिसत होती आणि तिच्याशी त्याला झगडता येत होते.

राहण्याच्या जागेचीही शाश्वती नाही. स्पॉटिफाय २०१९ साली भारतात आले तेव्हा सारेगामाच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनीच्या, संग्रहावरून न्यायालयीन वाद झाला आणि २०२० मध्ये करार होईपर्यंत तो संग्रह तेथे नव्हता. मार्च २०२३ मध्ये करार संपल्याने झी म्युझिकची गाणी तेथून गेली. गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झाले, रेसो आणि विंक २०२४ मध्ये. युरोपीय संघात मे २०१८ पासून नागरिकाला स्वतःविषयीची माहिती एका सेवेकडून घेऊन दुसरीकडे नेण्याचा कायदेशीर अधिकार आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो उरला नाही. परंतु हा अधिकार असता तरी माझा प्रश्न सुटला नसता. मला निर्देश परत मिळाले असते. निर्देशित काय होते, हे पुन्हा मलाच सांगावे लागले असते.

६

म्हणून शेवटी एक वही घातली. तीत प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक नोंद आहे: गायक, साथीदार, राग, ताल, चिजेचा किंवा अभंगाचा मुखडा, कवी, संगीतकार; मैफल की स्टुडिओ; मुद्रणाचे स्थळ आणि काळ, जेथे ठाऊक आहे तेथे; एकूण कालावधी; आणि त्यानंतर ते मुद्रण दुसऱ्या कोणत्याही मुद्रणाहून वेगळे ओळखता येईल अशी एखादी खूण. ही शेवटची खूण लिहिणे सर्वांत कठीण गेले. 'अंतऱ्याच्या आधी तबलजीला दिलेली दाद', 'तिसऱ्या चरणात एक शब्द गाळला आहे', 'तार षड्जावर आवाज किंचित फाटतो आणि गायक तेथेच पुन्हा येतो' अशा त्या खुणा आहेत. त्या लिहिण्यासाठी प्रत्येक मुद्रण दोनदा-तीनदा ऐकावे लागले, आणि वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या काही मुद्रणांविषयी मला असे एकही वाक्य चटकन लिहिता आले नाही. परिचय आणि ओळख ह्यांतील अंतर मला ह्या कामात जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही सिद्धान्तग्रंथाने केले नव्हते.

समीक्षेचे पहिले काम मूल्यमापन की अर्थनिर्णयन, ह्याची चर्चा आपण पुष्कळ करतो. त्या दोहोंच्या आधी एक काम असते: आपण कशाविषयी बोलत आहोत ते इतक्या नेमकेपणाने सांगणे, की दुसऱ्याला ते शोधून काढता यावे आणि आपल्याशी मतभेद व्यक्त करता यावा. छापील ग्रंथांच्या जगात हे काम ग्रंथपाल, संपादक आणि सूचीकार ह्यांनी इतकी वर्षे निमूटपणे केले, म्हणून समीक्षकाला ते आपले वाटले नाही. ध्वनीच्या जगात, निदान आपल्या भाषेतील ध्वनीच्या जगात, ते कोणी आपल्यासाठी करून ठेवलेले नाही. यंदा वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला मी एकेका अभंगगायनाची अशी नोंद करायला सांगितली आहे. निबंध नंतर.

वहीतील नोंदींवरून यादी नव्या सेवेत पुन्हा लावली. बहुतेक मुद्रणे शोधाअंती सापडली, काही निराळ्या नावांखाली, एक तर चुकीच्या रागनामाखाली. सात सापडली नाहीत. जुन्या सेवेची वर्गणी संपण्यापूर्वी त्यांची वर्णने लिहून झाली होती, एवढेच. वाङ्मयेतिहासात अशा ग्रंथांपुढे आपण 'उल्लेखित, अनुपलब्ध' असे लिहितो आणि शोध चालू ठेवतो. त्या सात नोंदींपुढे मी तसेच लिहिले आहे.